स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट
स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट : हबल आणि जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणींचे वैज्ञानिक कामकाज पाहणारी अमेरिकी संस्था. स्थापना १९८१. मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या होमवूड परिसरात तिची इमारत आहे. ‘ऑरा’ हा विद्यापीठांचा संघ ती नासासाठी चालवतो. दुर्बिणीचा वेळ कोणाला द्यायचा हे नासाबाहेरच्या स्वतंत्र संस्थेने ठरवावे, अशी शिफारस हॉर्निग समितीने १९७६ मध्ये केली होती. तिचे हे फळ. रिकार्डो जियाकोनी पहिले संचालक होते.

वेळवाटप : निरीक्षणासाठी जगभरातून प्रस्ताव मागवले जातात. हबलचा वेळ प्रदक्षिणांत मोजतात, वेबचा तासांत. वेबच्या चौथ्या फेरीत २,३०० हून अधिक प्रस्ताव आले आणि उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट मागणी झाली. २०१८ पासून हबलच्या परीक्षकांना अर्जदारांची नावे कळत नाहीत आणि अर्जदारांना परीक्षकांची. त्याआधी अनेक फेऱ्यांत स्त्रियांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांना कमी यश मिळत असल्याचे संस्थेच्याच आकडेवारीतून दिसले होते. ओळख उघड होऊ नये म्हणून ‘आमच्या पूर्वीच्या संशोधनात’ अशी वाक्येही प्रस्तावात चालत नाहीत. हा बदल संस्थेच्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक म्हणावा लागेल.

मंजुरीनंतर खरा तपशील भरायचा असतो : अचूक स्थान, फिल्टर, उद्भासनकाळ (एका चित्रासाठी प्रकाश गोळा करण्याचा वेळ), आणि दोन उद्भासनांमध्ये दुर्बीण किती सरकवायची. हे सरकवणे वगळले तर डिटेक्टरवरचा खराब पिक्सेल प्रत्येक चित्रात त्याच जागी उमटतो. झपाट्याने सरकणाऱ्या जवळच्या ताऱ्याचे स्थान जुन्या वर्षाचे दिले, तर तो वर्णपटमापकाच्या अरुंद फटीबाहेर राहतो.

वेळापत्रक : हबल सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरते. बहुतेक लक्ष्ये त्यातला बराच वेळ पृथ्वीआड जातात, त्यामुळे एका प्रदक्षिणेत साधारण ५० ते ५५ मिनिटे हाती लागतात. त्यातली काही मिनिटे मार्गदर्शक तारे, म्हणजे दुर्बीण नेमकी रोखून धरण्यासाठी वापरायचे तारे, पकडण्यात जातात. दक्षिण अटलांटिकवरील प्रारणपट्ट्यातून जाताना निरीक्षण थांबवावे लागते, कारण तिथे प्रभारित कणांचा मारा डिटेक्टर भरून टाकतो. हबलचा कार्यक्रम घड्याळाला बांधलेला असतो. मार्गदर्शक तारा सापडला नाही तर तो वेळ बहुधा वायाच जातो.

वेबचे तसे नाही. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमी दूर आहे आणि तिच्यावरचा संगणक यादीतले काम एकामागून एक उरकतो. एक निरीक्षण फसले की ते सोडून पुढचे हाती घेतो. मात्र सूर्यरोधक पडदा सतत सूर्याकडे हवा, म्हणून सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच तिला पाहता येते. याच पडद्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या दाबाने स्थिरचक्रांत (दुर्बीण वळवणाऱ्या व स्थिर ठेवणाऱ्या फिरत्या चाकांत) कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, साठत जातो आणि तो काढायला इंधन खर्च होते. म्हणून एका बाजूला साठलेला संवेग दुसऱ्या बाजूच्या निरीक्षणाने कमी होईल, असा क्रम नियोजक लावतात. इंधन संपले की दुर्बिणीचे आयुष्य संपते, त्यामुळे ही काटकसर जिवाची आहे. मे २०२२ मध्ये एका सूक्ष्म उल्कापाषाणाने आरशाचा एक खंड अपेक्षेपेक्षा जास्त बिघडवला. तेव्हापासून दुर्बिणीच्या प्रवासाच्या दिशेकडे पाहणे शक्य तितके टाळले जाते.

हबलला आज्ञा नासाच्या गोडार्ड केंद्रातून जातात, तर वेबचे उड्डाण-नियंत्रण संस्थेच्याच इमारतीत आहे. वेबच्या १८ आरसाखंडांची जुळणी साधारण दर दोन दिवसांनी तपासली जाते आणि गरज पडली तरच दुरुस्त केली जाते.

आरशातील दोष : २४ एप्रिल १९९० रोजी हबल अवकाशात गेली आणि चित्रे धूसर निघाली. २.४ मी. व्यासाच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट घासली गेली होती, कारण आरसा तपासणाऱ्या उपकरणातलेच एक भिंग १.३ मिमी.ने चुकीच्या जागी बसले होते. घासणी चुकीची असली तरी काटेकोर होती, म्हणूनच तिच्यावर नेमका उतारा शोधता आला. संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञगटाने छोटे सुधारक आरसे बसवण्याची योजना मांडली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते बसवले.

विदासंस्करण (विदा म्हणजे डेटा) : कच्च्या चित्रातून डिटेक्टरचे स्वतःचे संकेत वजा करणे आणि पिक्सेलांची असमान संवेदनशीलता भरून काढणे ही पहिली कामे. वेबचे अवरक्त डिटेक्टर एकाच उद्भासनात पुनःपुन्हा वाचले जातात. वाढत्या संकेतात अचानक उडी दिसली तर ती विश्वकिरणाची समजून दुरुस्त करतात. हबलच्या सीसीडींमध्ये (प्रकाश टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकत्यांमध्ये) प्रारणामुळे वर्षानुवर्षे इलेक्ट्रॉन अडकून राहू लागले आहेत आणि ताऱ्यांमागे शेपट्या उमटतात. त्या गणिताने पुसाव्या लागतात. या दुरुस्त्यांसाठी वापरायच्या संदर्भफायली सुधारत राहतात, म्हणून जुन्या निरीक्षणावर काम करताना नव्याने संस्कारित प्रतच घ्यावी.

अभिलेखागार : सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांचे नाव दिलेल्या अभिलेखागारात केप्लर, टेस या ग्रहशोधक दुर्बिणी आदी मोहिमांची विदाही आहे. हबलची विदा बहुधा सहा महिने आणि वेबची वर्षभर प्रस्तावकाकडे राखीव असते, मग सर्वांना खुली होते. काही निरीक्षणे याला अपवाद. संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी डिसेंबर १९९५ मध्ये आपल्या अखत्यारीतले सलग दहा दिवस सप्तर्षींतल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्यावर खर्च केले. त्यात सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या. ही विदा लगेच खुली केली गेली. संस्थेकडे सोपवलेल्या पुढच्या दुर्बिणीसाठी, म्हणजे नॅन्सी ग्रेस रोमनसाठी, राखीव काळ मुळातच ठेवलेला नाही.