रिपोर्टमध्ये 'सॅक्रलायझेशन' आलंय? जुनी प्लेट घेऊन या

कंबरदुखीसाठी आमच्या रामबागेतल्या सेंटरवर एमआरआय करून गेलेल्या मंडळींचा एक फोन ठरलेला: "एल-५ सॅक्रलायझेशन लिहिलंय, ऑपरेशन करावं लागेल का हो?" ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण शब्दाला घाबरू नका. कमरेत साधारणपणे ५ मणके असतात. काहींचा पाचवा मणका (एल-५) खालच्या त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाला, एका किंवा दोन्ही बाजूंनी जुळलेला असतो; हेच सॅक्रलायझेशन. काहींमध्ये उलट, त्रिकास्थीचा पहिला मणका (एस-१) सुटा राहून सहावा वाटतो. ठेवण जन्मतःची, अनेकांना आयुष्यभर पत्ताही नसतो. काहींना त्या जोडापाशीच दुखतं. इटलीच्या बर्टोलोट्टींनी १९१७ साली ते मांडलं, म्हणून त्या दुखण्याला त्यांचंच नाव, बर्टोलोट्टी सिंड्रोम. मात्र हे दुखणं नुसत्या फोटोवरून ठरत नाही.

खोळंबा होतो तो प्लेटवरून, म्हणजे आधीच्या तपासणीच्या फिल्मवरून. मोबाइलमध्ये जुन्या रिपोर्टचा फोटो असतो आणि प्लेट घरी, गादीखाली. जुन्या रिपोर्टात 'एल-४-५ ची गादी सरकली' (गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती), आमच्यात 'एल-५-एस-१'. मग काउंटरवर वाद: चुकलं कोण? बहुधा कोणीच नाही. गादी तीच, एकाने मणके खालून मोजले, दुसऱ्याने वरून. प्लेट समोर असली की त्याच रिपोर्टात दोन्ही आकड्यांचा मेळ घालून देतो. मागाहून आणली तर रिपोर्ट पुन्हा लिहावा लागतो, आणि संध्याकाळचं काम दुसऱ्या दिवसावर जातं.

"कंबर दुखतेय, मानेचा फोटो कशाला?" हेही विचारतात. मणके बरगड्यांवरून मोजावेत, तर कमरेच्या एक्स-रेत शेवटच्याच बरगड्या येतात, आणि बारावी बरगडी कधी इतकी आखूड असते की नजरेतून सुटते. म्हणून आम्ही मानेपासून खाली एक लांब फोटो घेतो, मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून मोजत येतो आणि कसं मोजलं तेही रिपोर्टात लिहितो. थोडा वेळ जास्त लागतो, पैसे वेगळे नाहीत. इंजेक्शन किंवा ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरांना नेमकी हीच मोजणी लागते.

तेव्हा येताना जुन्या प्लेटा, सीडी, रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं आणा. प्लेटांना रबरबँड लावून सुरळी करू नका, चरे पडतात. प्लेट हरवली असेल तर आधीच्या सेंटरवर सीडी मागून बघा.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर आमच्या नंबराची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.