बँकेच्या ऑनलाइन अर्जात फोटो, सही आणि अंगठा: क्रॉप कुठे करायचं, मोठं का करायचं नाही

आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, क्लार्क अर्जाची मुदत संपत आली की आमच्या फॉर्म भरायच्या काउंटरवर दिवसभर एकच तक्रार ऐकू येते: "दादा, फोटो घेतच नाहीये." शिक्षण, वय, प्रवर्ग, पत्ता, सगळं तासाभरात भरून झालेलं असतं आणि गाडी अडते ती एका बोटभर चित्रापाशी. म्हणून पात्रता आणि दाखले इथे थोडक्यात उरकतो. ते जाहिरात नीट वाचली तर समजतं. फोटोचं गणित वाचूनही बऱ्याच जणांना उमगत नाही.

सरकारी बँकांतल्या क्लार्कला 2025 च्या फेरीपासून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. कोणत्याही शाखेची पदवी हवी. वय 20 ते 28, आणि ते कोणत्या तारखेला मोजायचं हे जाहिरातीत दिलेलं असतं. ओबीसींना 3, एससी-एसटींना 5 आणि दिव्यांगांना 10 वर्षांची सवलत आहे. संगणकाचं प्रमाणपत्र किंवा शाळा-कॉलेजात संगणक हा विषय झालेला असावा. आपल्याकडे बहुतेक जण एमएस-सीआयटी दाखवतात. अर्ज एकाच राज्यासाठी करता येतो आणि त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता यावी लागते. म्हणजे महाराष्ट्रासाठी मराठी, गोव्यासाठी कोकणी. परीक्षाही आता या दोन्ही भाषांत देता येते. 2025 च्या फेरीत शुल्क 850 रुपये होतं. एससी, एसटी, दिव्यांग आणि माजी सैनिकांना 175.

दाखल्यांत आपल्याकडची नेहमीची ठेच एकच. ओबीसी उमेदवाराला नॉन-क्रीमी लेयर केंद्र सरकारच्या नमुन्यातलं लागतं. तहसीलमधून राज्याच्या नमुन्यातलं काढून निश्चिंत बसलेली मुलं पडताळणीच्या वेळी धावाधाव करतात. जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी पाहून घ्या. राज्याचा एसईबीसी हा प्रवर्ग या अर्जात नाहीच. नाव दहावीच्या सनदेवर जसं आहे तसंच भरायचं.

आता मूळ विषय. अर्जात स्कॅन करून चार चित्रं चढवायची असतात.

फोटो: 200 बाय 230 पिक्सेल, 20 ते 50 केबी.
सही: 140 बाय 60 पिक्सेल, 10 ते 20 केबी.
डाव्या अंगठ्याचा ठसा: 240 बाय 240 पिक्सेल, 20 ते 50 केबी.
हस्तलिखित प्रतिज्ञापत्र: 800 बाय 400 पिक्सेल, 50 ते 100 केबी.

शिवाय 2025 च्या फेरीत अर्ज भरतानाच वेबकॅम किंवा मोबाइलने थेट फोटोही काढून द्यावा लागला. जुना, गुळगुळीत केलेला फोटो चढवला आणि थेट फोटोत वेगळाच माणूस दिसला, तर शंका कुणावर येईल हे सांगायला नको.

पिक्सेल म्हणजे चित्रातला एक ठिपका. 200 बाय 230 म्हणजे एकूण 46,000 ठिपके. 12 मेगापिक्सेलच्या मोबाइलने काढलेल्या फोटोत असतात 1 कोटी 20 लाख. म्हणजे अर्जाला लागतात त्याच्या अडीचशेपट ठिपके तुमच्या खिशात आहेत. तरी फोटो फाटतो, म्हणजे ठिपके-ठिपके दिसतो, कारण तो त्या मूळ फोटोवरून बनवलेलाच नसतो. कुणी ताईच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्वतःचा चेहरा कापून आणतं. कुणी डीपीचा स्क्रीनशॉट आणतं. एकाने तर भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो काढून आणला होता, काचेत ट्यूबलाइट चमकत होती.

ग्रुप फोटोचं पाहा. तो व्हॉट्सॲपवरून दहा जणांकडून फिरून आलेला. त्यातला चेहरा खांद्यांसकट कापला तर हाती येतात समजा 90 बाय 104 पिक्सेल, म्हणजे 9,360 ठिपके. ते ओढून 200 बाय 230 केले की 46,000 होतात. वरचे 36,640 आले कुठून? सॉफ्टवेअरने शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून घुसवले. पाचातले चार ठिपके तुमच्या चेहऱ्याचे नाहीतच. आमटीत पाणी घातलं की ती वाढते खरी, पण डाळ तेवढीच राहते. हल्ली 'फोटो क्लिअर करून देणारी' एआय ॲप्स आली आहेत. ती सरासरीच्या पुढे जाऊन डोळा, भुवई, जिवणी अंदाजाने रंगवतात. चित्र सुरेख दिसतं, पण ओळख पटवायच्या कागदावर सुरेख अंदाज घातकच. परीक्षा केंद्रावर तुमचा चेहरा याच फोटोशी ताडून पाहतात.

तेव्हा फोटो नवा काढा. पांढरी किंवा फिकी भिंत, दिवसाचा उजेड समोरून, पाठीमागे सावली पडणार नाही इतकं भिंतीपासून अंतर. मोबाइलचा मागचा कॅमेरा वापरा, फोटो दुसऱ्याला काढू द्या आणि त्याला दोन-तीन पावलं लांब उभं करा. अगदी जवळून काढला की नाक मोठं आणि कान गायब होतात. ब्यूटी मोड बंद. चष्मा चालतो, पण काचेवर चमक नको आणि डोळे दिसले पाहिजेत. टोपी आणि काळा चष्मा चालत नाही. धर्मामुळे डोकं झाकत असाल तर चालतं, चेहरा मात्र उघडा हवा. बोटांनी झूम करून चेहरा जवळ आणू नका. तसा झूम म्हणजे काढण्याआधीच केलेलं क्रॉप, आणि ते नंतर मागे घेता येत नाही.

संगणकावर फोटो आणताना केबल लावा, नाहीतर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की ॲप तो आकसून, दाबून पाठवतं. ऑगस्ट 2023 पासून एचडीचा पर्याय आलाय, पण तोही मूळ फाइल जशीच्या तशी देत नाही.

मग क्रम असा: आधी क्रॉप, मग रिसाइझ, शेवटी एकदाच सेव्ह. जेपीजी फाइल उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील गळतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर होतं तसंच.

क्रॉप करताना एक खोच आहे, आणि तिने मी स्वतः सुरुवातीला बऱ्याच जणांना जाडं केलंय. सूचनेत फोटोचं माप 3.5 बाय 4.5 सेंटिमीटरही दिलेलं असतं आणि 200 बाय 230 पिक्सेलही. ही दोन मापं एकमेकांशी जुळत नाहीत. 3.5 बाय 4.5 च्या फोटोची रुंदी 200 पिक्सेल केली तर उंची 257 यायला हवी. ती जबरदस्तीने 230 केली की चेहरा उभ्यात दहा टक्के दबतो आणि गाल सुटतात. पेंटमध्ये 'मेंटेन ॲस्पेक्ट रेशो'ची खूण काढून आकडे टाकणारे नेमकं हेच करतात. खूण राहू द्या. फोटो आधीच 3.5 बाय 4.5 मध्ये कापलेला असेल तर रुंदी 200 करा, मग जास्तीचे 27 पिक्सेल खालून, म्हणजे शर्टाकडून कापा. डोक्यावरची थोडी मोकळी जागा तशीच ठेवा. केस कापले गेले तर फोटो अर्धवट दिसतो.

यानंतर केबीची भानगड. पेंटमध्ये सेव्ह केलेला 200 बाय 230 चा फोटो बऱ्याचदा 20 केबीच्या खालीच राहतो आणि साइट नकार देते. मग लोक तोच बारका फोटो ओढून मोठा करतात. केबी वाढतात, फोटो मात्र फाटतो. पिक्सेल आणि केबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिक्सेल म्हणजे ठिपके किती, केबी म्हणजे फाइल किती जड, आणि ते ठिपके साठवताना किती दाबले यावरही ठरतं. दाब कमी करा, म्हणजे क्वालिटीचा आकडा 95 च्या आसपास न्या. पेंटमध्ये ही सोय नाही. इरफानव्ह्यू किंवा गिंपमध्ये आहे आणि घरच्या वापराला दोन्ही फुकट मिळतात. तरी कमी पडलं तर मूळ मोठ्या फोटोकडे परत जा आणि 240 बाय 276 करा. प्रमाण तेच, ठिपके जास्त. सूचनेत 200 बाय 230 हे 'शक्यतो' असं माप आहे, केबीची हद्द मात्र पक्की.

सहीत तर ही अडचण हमखास येते. 140 बाय 60 म्हणजे 8,400 ठिपके. अजिबात न दाबता साठवले तरी जेमतेम 25 केबी होतात. जेपीजीमध्ये, त्यातही बहुतेक कोरा कागद असताना, 10 केबी गाठणं अवघड. 280 बाय 120 ठेवा, काम होतं. पण हे माप सहीच्या मूळ मोठ्या चित्रावरून कमी करत आणायचं, 140 चं ओढून 280 करायचं नाही. आकडा तोच आला तरी पहिल्या चित्रात शाईची रेघ असते आणि दुसऱ्यात नुसता धूर.

सही पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईने, तुमची स्वतःची. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही. कागदावर पेन्सिलने 7 बाय 3 सेंटिमीटरची फिकी चौकट आखा, 140 बाय 60 चं प्रमाण तेच आहे. चौकट भरेल अशी सही करा आणि क्रॉप रेघेच्या आतून घ्या. अख्ख्या ए-फोर कागदाच्या मधोमध बारीक सही करून पूर्ण पानाचा फोटो आणला, तर शेवटी चित्रात मुंगी चालल्यासारखी दिसते. हॉल तिकिटावरची सही हिच्याशी जुळावी लागते. बाबांना घाईत करायला सांगू नका.

अंगठा आणि प्रतिज्ञापत्रासाठी 200 डीपीआय म्हटलंय. डीपीआय म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिपके वाचतो. 3 सेंटिमीटरचा चौकोन 200 डीपीआयने वाचला की 236 पिक्सेल होतात, म्हणजे मागितलेले 240 जवळपास आलेच. 10 सेंटिमीटरचे होतात 787, म्हणजे 800 च्या घरात. ही मापं एकमेकांशी छान जुळतात. फोटोचीच तेवढी जुळत नाहीत. स्कॅनर 100 वर ठेवून अंगठा घेतला तर 118 पिक्सेल मिळतात आणि ते 240 पर्यंत ओढावे लागतात. ठशातल्या रेषा एकमेकींपासून साधारण अर्ध्या मिलिमीटरवर असतात. 200 डीपीआयला एका रेषेच्या वाट्याला चारेक ठिपके येतात, 100 ला दोनच, आणि रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग उरतो. पोलिसी तपासात ठसे 500 चे घेतात, ते उगाच नाही. आणि स्कॅन झाल्यावर फाइलच्या माहितीत 72 खोडून 200 लिहिल्याने एकही ठिपका वाढत नाही. ते फक्त लेबल.

ठसा काळ्या किंवा निळ्या शाईचा. पॅडवर अंगठा हलका टेकवा. रगडला तर डागच येतो. डावा अंगठा नसेल तर उजवा. दोन्ही नसतील तर डाव्या हाताचं बोट, तर्जनीपासून सुरुवात करून. तेही नसेल तर त्याच क्रमाने उजव्या हाताचं. प्रतिज्ञापत्राचा मजकूर जाहिरातीत इंग्रजीत दिलेला असतो. तो इंग्रजीतच, स्वतःच्या अक्षरात, काळ्या शाईने लिहायचा. टाइप केलेला किंवा कॅपिटलमध्ये लिहिलेला धरत नाहीत. ज्यांना लिहिता येणं शक्य नाही त्यांनी टाइप करून खाली अंगठा लावायचा.

'फोटो 50 केबी करा' म्हणणाऱ्या ऑनलाइन साइट्स झटपट काम करतात, कबूल. पण सही आणि अंगठा अनोळखी सर्व्हरवर चढवायचा माझा तरी जीव धजत नाही. कॅफेत फॉर्म भरलात तर उठण्याआधी डाउनलोड्समधल्या तुमच्या फाइली डिलीट करून घ्या. मालकाला राग येत नाही, आलाच तर येऊ द्या.

चढवल्यावर साइट प्रिव्ह्यू दाखवते. तिथे थांबा. सहीच्या जागी फोटो आणि फोटोच्या जागी सही हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो आणि त्याने परीक्षेला बसणंच हुकतं. चेहरा किंवा सही अस्पष्ट असली तरी अर्ज नाकारू शकतात.

मूळ फोटो न कापता जपून ठेवा, कारण पुढचा अर्ज वेगळं माप मागणार आहे. परदेशातून भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्यांना 1 सप्टेंबर 2025 पासून 630 बाय 810 पिक्सेलचा, चेहऱ्याने 80 ते 85 टक्के जागा व्यापलेला फोटो लागतो. अमेरिकेच्या व्हिसाला चौकोनी हवा, 600 बाय 600 ते 1200 बाय 1200, 240 केबीच्या आत. त्यात डोकं उंचीच्या 50 ते 69 टक्के आणि चष्मा अजिबात नाही. बँकेसाठी केलेल्या 200 बाय 230 मधून यातलं काहीही निघत नाही.

हॉल तिकिटावर चिकटवायलाही तोच फोटो लागतो, सुमारे 8 प्रती ठेवायला सांगतात. त्या छापायला अपलोड केलेली छोटी फाइल स्टुडिओत देऊ नका. 3.5 बाय 4.5 सेंटिमीटरची चांगली छपाई 300 डीपीआयला 413 बाय 531 पिक्सेल मागते. मूळ फोटो पेन ड्राइव्हवर न्या आणि तिथे समोर उभं राहून अर्जात केलं तसंच क्रॉप करून घ्या.