दारिद्र्यरेषेवरचा पुण्यातला वाद

गरीब कोणाला म्हणायचं? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली याचं आकड्यांत उत्तर दिलं. माणसाला रोज सरासरी २,२५० कॅलरी हव्यात असं धरून, तेवढं अन्न मिळवणाऱ्या गटाचा एकूण खर्च किती, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतून शोधलं. १९६०-६१ च्या किमतींना तो गावात माणशी वर्षाला सुमारे १७० रुपये भरला, शहरात २७१. ही झाली दारिद्र्यरेषा. गावांतली ४० टक्के आणि शहरांतली ५० टक्के माणसं या रेषेखाली होती. साठच्या दशकातल्या वाढीचा फायदाही वरच्यांनाच झाला. शहरांतल्या तळच्या माणसांची स्थिती तर आणखी खालावली.

आक्षेप घेतला तो पां. वा. सुखात्मे यांनी. जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम केलेले सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्यात आले होते. त्यांचं म्हणणं असं, की सरासरी म्हणजे किमान नव्हे. गावात एकही उपाशी नसला तरी साधारण निम्म्यांचा आहार सरासरीपेक्षा कमीच भरणार, कारण त्यांची गरजच तेवढी असते. एकाच निरोगी माणसाचा आहारही कमीजास्त होतो. म्हणून मर्यादा बरीच खाली हवी. शिवाय दूषित पाण्याने जुलाब होत असतील, तर खाल्लेलं अंगी कसं लागणार?

पाण्याचा मुद्दा मोलाचाच. संख्याशास्त्रही बिनचूक. तरी मला दांडेकर पटतात. ते एकेकाचं ताट मोजत नव्हते, एका थराची ऐपत मोजत होते. भूक कमी म्हणून भाकरी नाकारणारा आणि पीठच संपलं म्हणून उठणारा, दोघांच्या कॅलरी सारख्या भरतील, गरीब दुसराच.

उपाय म्हणून दांडेकर-रथांनी सार्वजनिक कामांवर रोजगार द्या, असं सुचवलं होतं. महाराष्ट्रात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी, म्हणजे मागेल त्याला काम देणारी योजना, उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात ती फोफावली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हमीच्या कामाला दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही. उन्हात खडी फोडायला जो येतो, त्याला गरज आहे असंच धरलं जातं. मला ही निवड कोणत्याही यादीपेक्षा प्रामाणिक वाटते. मात्र म्हातारे, अपंग, आजारी यांना खडी फोडता येत नाही. त्यांच्यासाठी पेन्शनच हवी, आणि ती द्यायची तर पुन्हा रेषा ओढावी लागते.