क्रीम केवळ जास्त फेटल्याने घट्ट होत नाही

‘कोणतेही क्रीम पुरेसा वेळ फेटत राहिले की आइसिंगसाठी घट्ट होते’, असा सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. वास्तविक फेटताना शिरलेली हवा स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटून धरून ठेवतात, आणि त्यासाठी दुधाच्या क्रीममध्ये साधारण ३० टक्के किंवा अधिक स्निग्धांश लागतो. भाजीत घालायच्या साध्या क्रीममध्ये तो बहुधा २० ते २५ टक्केच असतो. पाकिटावरील आकडा वाचून हे पडताळता येते. क्रीम थंडही हवे, म्हणून उन्हाळ्यात भांडेसुद्धा फ्रीजमध्ये ठेवणे खरोखरच उपयोगी पडते. फेटणी उचलल्यावर क्रीमचे टोक उभे राहिले की थांबावे, कारण त्यापुढे क्रीम रवाळ होते आणि घुसळण्यात होते तसे लोणी वेगळे होऊ लागते.