चुन्याने भाजलेला डोळा आणि बाळंतिणीची वार

तंबाखू मळताना चुन्याची पुडी जोरात दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. मराठवाड्यात घरोघरी ही पुडी असते, आणि ती खेळायला घेणाऱ्या लहान पोरांना धोका सगळ्यात जास्त. चुना अल्कली असल्यामुळे पेशींच्या स्निग्ध आवरणाचा साबण करत खोल शिरत जातो. तूप, मध, दूध काहीही घालू नका! त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार धरा, निदान अर्धा तास; मग तडक डॉक्टर. पापणीखाली चिकटलेला कण राहिला तर तो भाजतच राहतो.

डोळ्यात फूल पडलं, म्हणजे पांढरा डाग राहिला, की नेत्रदानातलं बुबुळ (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) बसवू, असं आपण धरून चालतो. १९०५ साली ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञ एडुआर्ड झिर्म यांनी पहिलं यशस्वी बुबुळरोपण केलं, त्या मजुराचे डोळेही चुन्यानेच गेले होते. पण बुबुळाच्या कडेला, काळं-पांढरं जिथे मिळतं तिथे, मूळपेशी असतात. बुबुळाचा वरचा थर सतत नवा होतो तो त्यांच्यामुळे. ती कड पुरती जळाली की पांढऱ्या भागावरचा पडदा रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढतो, आणि नवं बुबुळ बसवलं तरी तेही झाकोळतं.

म्हणून आधी पृष्ठभाग सावरावा लागतो, आणि तिथे कामी येते बाळंतिणीची वार, म्हणजे प्लॅसेंटा. आपल्याकडे ती परसात पुरतात. तिचं बाळाकडचं आवरण कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ असतं. ठरवून केलेल्या सिझेरियनच्या वेळी, आईच्या संमतीने आणि तिच्या एचआयव्ही, कावीळ, सिफिलिसच्या तपासण्या करून ते घेतात, धुतात, खास कागदावर पसरून उणे ८० अंशांवर ठेवतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तगट जुळवावा लागत नाही. डोळ्यावर टाक्यांनी किंवा जैविक गोंदाने बसवलं की ते दाह कमी करतं, नव्या पेशींना पसरायला आधार देतं आणि काही आठवड्यांत विरघळून जातं.

पण मूळपेशी ते आवरण देऊ शकत नाही. नांदेड-लातूरकरांना जवळच्या हैदराबादेत, एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यावर सोपी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि या आवरणावर चिकटवायचे. प्रयोगशाळेत पेशी वाढवायचा खर्च वाचतो. मला यातली ही काटकसर फार मोलाची वाटते.

दोन्ही डोळे भाजले असतील तर तुकडा नातेवाइकाचा किंवा नेत्रदात्याचा लागतो, आणि शरीराने तो नाकारू नये म्हणून दीर्घकाळ औषधं घ्यावी लागतात. खोलवर डाग उरलाच, तर बुबुळरोपण त्यानंतर.