लायसन्सच्या पानावर ‘एक्सपोर्ट’ची नोटीस कशासाठी?

आमचं बॅकअप सॉफ्टवेअर टाकताना लायसन्सच्या पानावर अमेरिकेच्या एक्सपोर्ट नियमांची नोटीस दिसते आणि बरेच जण फोन करून विचारतात, अहो आमचा डेटा तर पुण्याबाहेर जात नाही, मग हे एक्सपोर्ट कुठून आलं? विचारणं रास्त आहे, म्हणून नीट सांगतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्क्रिप्शनचं, म्हणजे डेटा कुलूपबंद करून ठेवायचं काम ओपनएसएसएल नावाचं तयार सॉफ्टवेअर करतं, ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. ती नोटीस या एन्क्रिप्शनमुळेच आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत असलं एन्क्रिप्शन चक्क युद्धसामग्रीच्या यादीत होतं, परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नव्हतं! फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे ईमेल आणि फाइल एन्क्रिप्ट करायचं सॉफ्टवेअर फुकट दिलं, ते नेटवरून देशाबाहेर पोचलं आणि त्यांच्यामागे सरकारी चौकशी लागली, ती जानेवारी १९९६ मध्ये खटला न भरताच बंद झाली. छापील पुस्तक बाहेर पाठवायला बंदी नव्हती, म्हणून १९९५ मध्ये पीजीपीचा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला. एन्क्रिप्शनवर काम करणारे डॅनियल बर्नस्टीन या नियमांविरुद्ध कोर्टात गेले आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने मानलं की सोर्स कोड हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे. आज आपण हे सगळं फुकट वापरतो ते अशा लोकांमुळे, हे आम्ही विसरत नाही.

२००० मध्ये नियम बरेच सैल झाले, ओपन सोर्सवाल्यांनी सरकारला कोडची लिंक ईमेल केली की झालं, आणि २०२१ पासून नेहमीच्या स्टँडर्ड अल्गोरिदमसाठी तेवढंही लागत नाही.

पण एक त्रास मागे राहिला. त्या काळात परदेशी पाठवायच्या ब्राउझरमध्ये मुद्दाम ४० बिटांचं कमजोर एन्क्रिप्शन द्यायचे, आरएसए पद्धतीची की (म्हणजे कुलपाची किल्ली) ५१२ बिटांपर्यंतच, बिट जितके कमी तितकं फोडायला सोपं, आणि नियम गेला तरी ती सोय कितीतरी सर्व्हरमध्ये तशीच पडून राहिली. २०१५ मध्ये ‘फ्रीक’ हल्ल्यात तेच उघडं पडलं, तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये घुसलेला हल्लेखोर कनेक्शनला त्या जुन्या कमजोर की वर उतरवू शकत होता आणि ती की भाड्याच्या क्लाउडवर काही तासांत फुटते. तुमच्याकडे जुना सर्व्हर असेल तर कृपया आम्हाला कळवा, सेटिंगमध्ये ‘एक्सपोर्ट’ सायफर, म्हणजे त्या जुन्या कमजोर एन्क्रिप्शन पद्धती, चालू आहेत का ते आम्ही बघतो आणि बंद करून देतो, पैसे लागत नाहीत.

आणि हो, तुम्ही स्वतः एन्क्रिप्शन असलेलं प्रॉडक्ट बाहेरदेशी विकत असाल तर अमेरिकेचा नियम बघून थांबू नका, आपल्या डीजीएफटीची (परदेशी व्यापार बघणारं केंद्र सरकारचं कार्यालय) स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादीही तपासा, त्यात इन्फर्मेशन सिक्युरिटीचा वेगळा भाग आहे, ऑर्डर घेण्याआधीच सल्लागाराला विचारून घ्या.