एच८ चं काळं घर

शक्य असेल तर बुद्धिबळाचा पट समोर मांडून वाचा. पांढऱ्याचा राजा, पांढऱ्या घरांवरून फिरणारा एक उंट आणि उजव्या कडेचं, म्हणजे एच पट्टीवरचं, एक प्यादं. समोर काळ्याचा एकटा राजा, तोही एच८ च्या, म्हणजे त्याच पट्टीच्या शेवटच्या घराच्या, कोपऱ्यात जाऊन बसलेला. पांढऱ्याकडे एक उंट आणि एक प्यादं जास्त आहे, तरी काळ्याने घोडचूक केली नाही तर हा डाव जगातल्या कुणालाही जिंकता येत नाही.

कारण एच८ हे घर काळं आहे. पांढऱ्या घरांचा उंट तिथे कधीच शह देऊ शकत नाही. काळा राजा कोपऱ्यात आणि शेजारच्या घरांत येरझारा घालत राहतो. त्याची जी७, जी८, एच७ ही तिन्ही घरं अडवली, तर त्याला चाल उरत नाही, पण शहही नसतो. म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत! हेच प्यादं डाव्या कडेच्या ए पट्टीवर असतं, तर ए८ हे घर पांढरं. मग तोच उंट राजाला कोपऱ्यातून हुसकावतो आणि प्याद्याचा वजीर होतो. खेळाडू याला ‘चुकीचा उंट’ म्हणतात. खरं तर उंटाची काहीच चूक नसते. सगळा फरक एका घराच्या रंगाचा.

१९७१ साली व्हँकुव्हरला बॉबी फिशर आणि सोव्हिएत ग्रँडमास्टर मार्क तैमानोव्ह यांच्यात कँडिडेट्स सामना, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या फेऱ्यांतला एक सामना, झाला. दुसऱ्या डावात फिशरकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि एच पट्टीवरचं प्यादं उरलं होतं. तैमानोव्हकडे नुसता घोडा. ८१व्या खेळीला घोडा डी३ वर आणि मग एफ४ वर नेला असता, तर डाव वाचत होता. फिशरचा राजा तो घोडा मारायला जाईपर्यंत काळा राजा ई७ गाठतो, आणि तिथून कोपरा त्याचाच. दोन पावलांच्या मोबदल्यात अख्खा घोडा द्यायचा! थकलेल्या माणसाला हे सुचणं किती अवघड असेल. तैमानोव्हने राजा ई४ वर नेला आणि ८९व्या खेळीला डाव गमावला. सामना फिशरने ६-० असा जिंकला.

दोन घोड्यांचं प्रकरण मला याहूनही विलक्षण वाटतं. एकट्या राजावर दोन घोड्यांनी जबरदस्तीने मात करता येत नाही. राजाला कोपऱ्यात कोंडावं तर मातेच्या एक खेळी आधीच स्टेलमेट होतो. पण त्या एकट्या राजाकडे एक प्यादं असेल तर? एका घोड्याने प्यादं अडवून धरायचं, दुसऱ्या घोड्याने आणि आपल्या राजाने मिळून शत्रूला कोपऱ्यात ढकलायचं, आणि नेमक्या क्षणी अडवणारा घोडा मोकळा करायचा. आता काळ्याला प्याद्याची चाल शिल्लक असते, म्हणून स्टेलमेट होत नाही. प्यादं पुढे सरकतं आणि तेवढ्या उसंतीत मोकळा झालेला घोडा येऊन मात करतो. स्वतःचंच प्यादं राजाच्या जिवावर उठतं.

हे प्यादं कुठवर अडवलं तर विजय हमखास, याची रेषा रशियन डावरचनाकार अलेक्सेई ट्रॉइट्स्कीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नुसत्या पट-सोंगट्यांच्या बळावर शोधली. घोडेवाल्याच्या बाजूने मोजलं तर ए पट्टीवर चौथं घर, बी वर सहावं, सी वर पाचवं, अशी ती वेडीवाकडी जाते. १९४२ मध्ये वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये तो उपासमारीने गेला.

पुढे संगणकांनी मातेच्या स्थितीपासून एकेक खेळी मागे जात अशा शेवटांची संपूर्ण कोष्टकं बनवली. काही स्थितींत घोड्यांना मात करायला ११५ खेळ्या लागतात, असं त्यांतून कळलं. पण ५० खेळ्यांत ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं, तर खेळाडू बरोबरी मागू शकतो. त्यामुळे पटावर असलेला विजय नियमात बसत नाही. ट्रॉइट्स्कीची रेषा मात्र या तपासणीतही टिकली.